‘द टॉवर’ या कवितासंग्रहाविषयीच्या आपल्या अभिप्रायास दुकानाचे उत्तर

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

वडिलांच्या एकसष्टीसाठी आपण आमच्याकडून डब्ल्यू. बी. येट्स या आयरिश कवीचा ‘द टॉवर’ हा संग्रह मागवलात आणि दोन तारे देऊन सविस्तर अभिप्राय लिहिलात. आपल्या तक्रारी अशा आहेत : आमच्या शिफारशीच्या चिठ्ठीवर ‘उतारवयातील शांत, समंजस कविता’ असे लिहिले होते, प्रत्यक्षात म्हातारपणावर चिडलेला माणूस भेटला, कवितांखालची वर्षे उलट्या क्रमाने छापली गेली आहेत, शेवटच्या टिपांनी कविता उलगडत नाहीत, पुस्तकाचा कोपरा दुमडलेला होता, आणि मराठी दुकानाने असे पुस्तक शिफारस करून विकण्याचे कारण कळले नाही.

कोपऱ्याची चूक सर्वस्वी आमची आहे. पुस्तकाला पुठ्ठा न लावता ते नुसत्या पाकिटात घातले गेले होते.

चिठ्ठी मी स्वतः लिहिली होती, आणि ‘शांत’ हा शब्द चुकीचा होता हे मला मान्य आहे. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर पहिल्याच कवितेतला, बायझँटियम या प्राचीन नगरीचा सोन्याचा पक्षी होता. त्याच कवितेत म्हातारा माणूस म्हणजे काठीवर अडकवलेला फाटका कोट, असेही म्हटले आहे, याचा मला सोयीस्कर विसर पडला. (आत्म्याने टाळ्या वाजवत गायला हवे, नाहीतर त्या कोटाला काही किंमत नाही, असे कवी पुढे म्हणतो, आणि भजनाला बसलेल्या कोणाही माणसाला हे कळायला टीप लागू नये.) कुत्र्याच्या शेपटीला डबा बांधावा तसे हे वय मला बांधले आहे, अशी तक्रार करणारी शीर्षककविता एकसष्टीच्या दिवशी, पाहुण्यांसमोर, मोठ्याने वाचली गेली हे आपण लिहिले आहे. त्या प्रसंगाची कल्पना करून मी मनापासून ओशाळलो.

मात्र हा कडवटपणा पुस्तकाचा दोष आहे, हे मला मान्य करता येत नाही. येट्स यांचा जन्म 1865 चा; शीर्षककविता लिहिताना ते साठीत, म्हणजे साधारण आपल्या वडिलांच्याच वयाचे होते. 1923 मध्ये त्यांना नोबेल मिळाले होते, आयर्लंडच्या सिनेटचे ते सदस्य होते, आणि त्याच नात्याने 1926 मध्ये ते वॉटरफर्ड येथील एक शाळा पाहायला गेले, तेव्हा मुलींना दिसला तो साठीचा, हसतमुख, प्रतिष्ठित पाहुणा. त्या भेटीवरची कविता याच संग्रहात आहे, आणि हसऱ्या चेहऱ्यामागे चाललेली उलथापालथ हाच तिचा विषय आहे. साठी बुद्धी नाठी, असे आपण सहज म्हणून जातो. शीर्षककवितेत येट्स नेमके उलट सांगतात, की कल्पनाशक्ती इतकी तापलेली यापूर्वी कधीच नव्हती आणि शरीर तेवढे साथ द्यायला तयार नाही. चीड आहे ती या विसंगतीची. 1928 मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर त्यांनी ते पुन्हा वाचले, तेव्हा त्यातला कडवटपणा पाहून आपणच थक्क झालो, असे त्यांनी एका मैत्रिणीला पत्राने कळवले होते. म्हणजे आपल्या घरी जे झाले ते खुद्द कवीलाही चुकले नाही.

वर्षांचा क्रम ही छपाईची चूक नाही. पहिल्या चार कवितांखाली 1927, 1926, 1923 आणि 1919 अशी वर्षे आहेत, आणि ही मांडणी कवीचीच आहे. म्हाताऱ्यांना जागा नसलेला देश सोडून निघालेला माणूस वाचकाला आधी भेटतो. त्याने तो का सोडला, हे मग एकेक पायरी मागे उतरत कळत जाते. गॉलवे परगण्यात गॉर्टजवळ बॅलिली येथे येट्स यांनी अवघ्या 35 पौंडांना एक जुना नॉर्मन बुरूज विकत घेतला होता; शीर्षकातला ‘टॉवर’ तो हाच. आयर्लंडमधल्या 1922 च्या यादवी युद्धात ते कुटुंबासह तेथे राहत असताना शेजारचा पूल बंडखोरांनी उडवून दिला. त्या दिवसांत खिडकीशेजारच्या भिंतीच्या भोकात, आपल्याकडच्या भोरडीच्या कुळातल्या एका पक्ष्याने घरटे केले होते. ते रिकामे झाल्यावर मधमाश्यांनी तेथे येऊन पोळे बांधावे, अशी विनवणी तिसऱ्या कवितामालिकेत आहे. आपल्या वडिलांनी चिडून पुस्तक मिटले ते या पानाच्या आधी, असा माझा अंदाज आहे. वर्षांबाबत आपली शंका एका अर्थाने रास्तही आहे, कारण 1919 असे वर्ष टाकलेल्या कवितेत सैनिकांनी दारातच मारलेल्या आईचा जो उल्लेख येतो, तो गॉर्टच्याच परिसरात नोव्हेंबर 1920 मध्ये घडलेल्या घटनेचा मानला जातो.

राहिला प्रश्न मराठी दुकानाचा. अमरावतीजवळच्या बडनेऱ्यात जन्मलेले श्री पुरोहित स्वामी 1931 मध्ये लंडनला येट्स यांना भेटले. आपले गुरू भगवान श्री हंस यांच्या कैलास-मानससरोवराच्या यात्रेचे मराठी वर्णन स्वामींनी इंग्रजीत नेले, त्याला येट्स यांनी प्रस्तावना लिहिली, आणि दोघांनी मिळून केलेला दहा उपनिषदांचा अनुवाद 1937 मध्ये प्रसिद्ध झाला. हे सारे ‘द टॉवर’नंतरचे आहे, त्यामुळे या संग्रहाच्या समर्थनासाठी ते पुढे करणे बरोबर होणार नाही, पण आमच्या फळीवर येट्स का असतात, याचे उत्तर त्यात आहे.

चिठ्ठी आम्ही काढून टाकली आहे. नव्या चिठ्ठीवर ‘साठीच्या उंबरठ्यावर लिहिलेल्या, रागावलेल्या कविता, भेट देण्यापूर्वी स्वतः चाळून पाहाव्यात’ असे लिहिले आहे. पुस्तक परत करावयाचे असल्यास, त्यावर नाव किंवा शुभेच्छा लिहिल्या असल्या तरी, आम्ही पूर्ण रक्कम परत करू. ठेवावयाचे असल्यास दुमडलेल्या प्रतीऐवजी चांगली प्रत आमच्या खर्चाने पाठवू, आणि पानांच्या कडेला मी पेन्सिलीने मराठीत टिपा लिहिलेली माझी स्वतःची प्रत वडिलांना महिनाभर वाचायला देऊ. येट्स यांनी शेवटी दिलेल्या टिपा थोड्या आहेत आणि त्यांनी सगळे उलगडत नाही, ही आपली अडचण खरी आहे. आपला निर्णय कृपया खरेदीच्या पावतीवरील क्रमांकावर कळवावा. सोमवारी दुकान बंद असते.

आपला नम्र,
दुकानाचा मालक