गाय मोकळी सोडली की दूध आटतं, हे खरं नाही

दूध उत्पादकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: मुक्त संचार गोठा (गाई न बांधता कुंपणात मोकळ्या ठेवायचा गोठा) हे फॅड आहे. मोकळ्या गाईची ताकद फिरण्यात जाते, गाई मारामाऱ्या करतात, चिखलात बसून कासदाह (कासेला सूज) होतो. परदेशातही जास्त दुधाच्या गाई बांधूनच असतात आणि एवढी जागा आहे कोणाकडे? हे वाचून कितीतरी जण दावं सोडायचा विचारच सोडून देतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

आधी ताकदीचं. मोकळी गाय गव्हाणीवरून हौदावर, हौदावरून सावलीत, एवढीच फिरते. कोरडी, मऊ जागा मिळाली तर दिवसातले १०-१२ तास ती बसूनच काढते. एक लिटर दुधामागे तिला साधारण ४ लिटर पाणी लागतं. दावणीवर आपण पाजू तेव्हाच ते मिळतं, मोकळी गाय मात्र मध्यरात्रीही हौदावर जाते. (मुक्त गोठ्यानं दूध आपोआप वाढतं असं सांगणारे मेसेजही तितकेच चुकीचे आहेत. खुराक कमी असेल तर मोकळी गायही कमीच देणार.)

आखूड दाव्यावरची गाय उठताना एकदा नीट बघा. गाय आधी मागचं अंग उचलते, आणि त्यासाठी तिला मान पुढे झोकावी लागते. समोर गव्हाणीची भिंत आणि गळ्यात आखूड दावं असलं की तो झोकच घेता येत नाही. ती गुडघ्यांवर धडपडते, ओल्या कोब्यावर घसरते. मग ती बसायचंच टाळते, नाहीतर बसली की उठत नाही. गुडघ्यांवरचे केस गेलेले, मागच्या पायांचे सांधे सुजलेले, खुर वाढून पुढे आलेले. अशा गाई आपल्या दावणींवर किती आहेत ते ज्यानं त्यानं मोजावं. ताकद खरी वाया जाते ती इथे.

मारामारी होते, पण ती पहिले काही दिवस. मानपान ठरला की कळप शांत होतो. भांडणं बहुतेक गव्हाणीवर होतात, तेव्हा सगळ्यांना एकाच वेळी तोंड घालता येईल एवढी ती लांब हवी. वासरू लहान असतानाच डॉक्टरांकडून भूल देऊन शिंगांचे कोंब काढून घ्यावेत.

कासदाहाची भीती मात्र रास्त आहे. चिखल वाईटच. पण शेणा-मुतानं ओला राहिलेला कोबाही तितकाच वाईट. मुरूम टाकून उतार द्या, पाणी साचू देऊ नका. धार काढल्यावर साधारण अर्धा तास सडाचं तोंड उघडं असतं, म्हणून सड औषधात बुडवून लगेच वैरण टाका, म्हणजे गाय तेवढा वेळ उभी राहील. कोकणात पावसाळ्यात उघडं अंगण चालणार नाही, तिथे छपराखालचीच जागा वाढवावी लागेल.

माजाबद्दल तो मेसेज काहीच बोलत नाही. मोकळ्या गाई एकमेकींवर चढतात, माज लांबूनही दिसतो. दावणीवर मुका माज (वरून लक्षणं न दिसणारा) सहज निसटतो आणि पुढचा माज येईपर्यंतचे २१ दिवस हातचे जातात.

परदेशाचं म्हणाल, तर स्वित्झर्लंडच्या कायद्यानं बांधलेल्या गाईलाही वर्षातून किमान ९० दिवस बाहेर सोडावंच लागतं. स्वीडनमध्ये १९८८ च्या प्राणी संरक्षण कायद्यानं उन्हाळ्यात चरायला सोडणं बंधनकारक केलं.

राहिली जागा. आपल्याकडच्या शिफारशीनुसार एका गाईला ३.५ चौरस मीटर छपराखाली आणि ७ चौरस मीटर उघड्यावर लागतात. म्हणजे १० गाईंना १०५ चौरस मीटर, एका गुंठ्याहून जरासं जास्त. जमलं तर दुप्पट द्या. भिंती बांधायची गरज नाही, जाळी किंवा बांबूचं कुंपण पुरतं. तेवढीही जागा नसेल तर गाई आळीपाळीनं रोज दोन-तीन तास अंगणात सोडा, आणि बाकी वेळचं दावं निदान मान पुढे झोकता येईल एवढं तरी लांब करा. त्याला एक पैसाही लागत नाही.