पत्र्याची पेटी, टीईटी आणि माझे तीसपैकी एकोणीस

आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर सध्या दोनच प्रकारचे मेसेज येतात. एक, टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, सक्तीविरुद्ध दिलेल्या निवेदनांचे फोटो. दुसरा, 'बालमानसशास्त्राच्या नोट्स कुणाकडे आहेत का?' बऱ्याचदा दोन्ही टाकणारं माणूस एकच असतं. मीही त्यातलीच, म्हणून हसायचा हक्क आहे मला.

मी २००८ ला जिल्हा परिषदेत लागले. शाळा सांगलीच्या दुष्काळी जत तालुक्यात, पार कर्नाटक सीमेकडे, उमदीच्या बाजूला. तेव्हा टीईटी नव्हतीच. ती सक्तीची करणारी एनसीटीईची (शिक्षकांची पात्रता ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची) अधिसूचना ऑगस्ट २०१० ची, आणि महाराष्ट्रातली पहिली परीक्षा डिसेंबर २०१३ ची. ही नव्या पोरांची भानगड, असं म्हणून आम्ही निवांत. मग १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. ज्यांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. ज्यांची त्याहून कमी उरली, त्यांची नोकरी राहील, पण बढती नाही. माझी सतरा उरली होती.

सतरा वर्षं शिकवून झाल्यावर ही अट लागली, हे मला अन्यायाचंच वाटतं. निवेदनावर माझीही सही आहे. पण याचिका, मोर्चे आपल्या जागी आणि अभ्यास आपल्या जागी. जतच्या माणसाला तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही, हे कुणी सांगायला नको.

खरं सांगायचं तर कागदांच्या बाबतीत मी एकदा चांगलीच तोंडावर आपटले आहे. १२ वर्षं झाल्यावर वरिष्ठ वेतनश्रेणीसाठीचं प्रशिक्षण केलं, २००० रुपये फी भरून, ऑनलाइन. प्रस्ताव पाठवला आणि त्रुटी लागून परत आला. सेवापुस्तकात माहेरचं नाव, शालार्थला (पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत) सासरचं, आणि प्रमाणपत्रावर तिसरंच स्पेलिंग. जुनी प्रमाणपत्रं शोधायला पत्र्याची पेटी उघडली, तर खालच्या थराला वाळवी. २०१२ च्या एका प्रशिक्षणाच्या कागदावर तेवढा शिक्का उरला होता. चूक कार्यालयाची निम्मी, माझी निम्मी. लग्नानंतर लगेच करायचं काम मी चौदा वर्षं उद्यावर ढकललं होतं.

डॉक्टरांकडे बघा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते, आणि त्यासाठी परिषदा, प्रशिक्षणं करून ३० क्रेडिट गुण जमवावे लागतात. आपल्याला असा परवाना नाही. पण २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासाला द्यावेत असं लिहिलंय. महिन्याला जेमतेम चार-सव्वाचार तास. फार नाही.

आता हे तास आपण कसे भरतो, तेही बोलू. 'निष्ठा' या सरकारी ऑनलाइन शिक्षक-प्रशिक्षणाचे व्हिडिओ मी पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून, भाकरी थापत 'पूर्ण' केलेत. आमच्याकडच्या एका सरांचा मोबाईल म्हणे गोठ्यात चालू असायचा. म्हशीला प्रमाणपत्र द्यायचं तेवढं राहिलं.

आणि जे खरंच शिकले, त्याचा कागदच नाही. आमच्याकडे पहिलीत येणाऱ्या निम्म्या मुलांच्या घरी कन्नड बोलतात. एक पोरगी दोन महिने तोंड उघडायची नाही. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत एका निवृत्तीला आलेल्या गुरुजींनी सांगितलं, आधी तिचे शब्द भिंतीवर लावा, मग तुमचे. कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं: नीरु – पाणी, मने – घर, अक्की – तांदूळ, हालु – दूध. चौथ्या दिवशी पोरगी उठली आणि माझा 'हालु'चा उच्चार दुरुस्त करून बसली. तीन तासांच्या त्या बैठकीनं मला जे दिलं, ते कुठल्याच व्हिडिओनं दिलं नाही.

म्हणून आता एक दोनशे पानी वही केलीय. प्रशिक्षण कुठलं, तारीख, तास, आणि वर्गात त्यातलं काय वापरलं. हा शेवटचा रकाना कुणी तपासणार नाही, पण तो रिकामा राहिला की माझं मलाच कळतं. प्रमाणपत्र त्याच दिवशी डाउनलोड, एक प्रत मेलवर, एक फाइलला. सेवापुस्तकातली नोंद त्याच महिन्यात, साहेब बदलायच्या आत. नवीन लागलेल्या पोरींनो, नाव बदलायचं असेल तर राजपत्राचं काम आधी उरका, मग बाकीचं.

टीईटीचा पेपर एक म्हणजे १५० प्रश्न, अडीच तास. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी ३०. चुकीला गुण कापत नाहीत. खुल्या प्रवर्गाला ९० लागतात. परिसर आणि गणित आपण रोजच शिकवतो, घोडं अडतं ते इंग्रजीत. शेवटच्या संधीची वाट न बघता पुढच्या पहिल्याच परीक्षेला बसणार आहे, निदान भीती तरी जाईल.

रात्री जेवणं उरकली की मी आणि लेक समोरासमोर बसतो. तिची शिष्यवृत्तीची तयारी, माझी टीईटीची. दोन्ही परीक्षा घेणारी परीक्षा परिषद एकच. घड्याळ ती लावते, पेपरही तीच तपासते. काल इंग्रजीत तीसपैकी एकोणीस पडले. लाल पेननं शेरा मारलाय: 'पालकांची सही आणणे.'

सकाळी सासूबाईंनी केली.