तीस ॲम्पियरचा संसार

आज सकाळी पावणेसहाला मी बनियन आणि हाफ पँटवर, हातात कढीपत्त्याची काडी घेऊन विजेच्या खांबापुढे वाकून उभा होतो. शेजारच्या गाडीच्या दारात कॉफी ढवळत उभा असलेला अमेरिकन म्हातारा माझ्याकडे बघून स्वच्छ मराठीत म्हणाला, "भारनियमन!"

त्याला मराठीतला हा एकच शब्द येतो. तो माझ्या सासऱ्यांनी शिकवलाय.

फार खोलात शिरत नाही. जुनं घर विकलं, नवं घर बिल्डर तीन आठवड्यांत देणार होता, आता सातवा आठवडा चालू आहे. (बिल्डर ही जात फिनिक्सला असो की पुण्याला, तिची बोली एकच.) सासूसासऱ्यांची तिकिटं आधीच काढलेली. हॉटेलपेक्षा मोटरहोम भाड्याने घेऊ, मजा येईल, असं मीच म्हणालो होतो. हे वाक्य घरात रोज एकदा तरी उद्धृत होतं.

मजा म्हणजे अशी. आमची गाडी उभी आहे ती मोटरहोमच्या पार्कमध्ये, तिथे प्रत्येक जागेला विजेचा एक खांब. आमच्या जागेवरच्या खांबाला ३० ॲम्पियरचं कनेक्शन आहे. इथला दाब १२० व्होल्ट, म्हणजे एकूण ३६०० वॉट. त्यात टपावरचा एसी चालताना १३ ॲम्पियर खातो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. गिझर १२. फ्रिज ३. झाले २८. उरलेल्या दोन ॲम्पियरमध्ये चार माणसांचा स्वयंपाक करायचा. गॅसची शेगडी आहे, पण बाहेर ४३ अंश असताना ती पेटवली की एसीने दुपारभर जे कमावलं ते दहा मिनिटांत जातं. म्हणून इंडक्शन. इंडक्शन लावलं की खाट्, खांबावरचा ब्रेकर पडतो आणि सगळं शांत.

यात भाषेचीही एक अडचण आहे. गाडीतले दिवे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, त्यामुळे खांबावरचा पुरवठा तुटला तरी ते चालूच राहतात. सासूबाई लख्ख उजेडात बसून ओरडतात, "लाइट गेली!" पहिल्या दिवशी मी म्हणालो, "आई, दिवे तर चालू आहेत." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यानंतर मीही लख्ख उजेडात "लाइट गेली" म्हणायला लागलो.

आता तात्या. शेजारच्या म्हाताऱ्याला आम्ही तात्या म्हणतो. उन्हाळ्यात हे पार्क निम्मं रिकामं होतं, थंडीत आलेली म्हातारी मंडळी उत्तरेकडे निघून जातात. तात्या जात नाही. तो जन्मभर इलेक्ट्रिशियन होता आणि आता घडीच्या खुर्चीत बसून लोकांचे ब्रेकर पडलेले ऐकतो. ऐकतो म्हणजे खरंच ऐकतो. आमचा एसी बंद पडला की दहाव्या सेकंदाला तो खांबाशी हजर.

पहिल्या खेपेला त्याने माझा पंचनामाच केला.

"काय काय चालू होतं?"

"एसी."

"आणि?"

"फ्रिज."

"आणि?"

"थोडासा मायक्रोवेव्ह."

"थोडासा मायक्रोवेव्ह नसतो, पोरा." मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. "त्याच्यावर १००० वॉट लिहिलंय ना? ते अन्नाला मिळतात. खांबाकडून तो १५०० घेतो. मधले ५०० कुठे जातात?"

मला वाटलं, हा प्रश्न नुसता बोलण्याच्या ओघात आलाय. तो उत्तराची वाट पाहत होता.

"उष्णता," दारातून माझे सासरे म्हणाले.

तात्याने वळून पाहिलं. बाबा लेंग्यावर, चष्मा कपाळावर. वीज खात्यातून निवृत्त होऊन त्यांना सोळा वर्षं झाली, पण उपकेंद्रातून शिफ्ट संपवून आत्ताच आल्यासारखे ते सगळ्यांकडे पाहतात. इंग्रजी त्यांना कामापुरतं येतं, आणि काम म्हणजे वीज. "हीट लॉस," ते म्हणाले. तात्या खुर्चीतून उठला. माझ्यासाठी तो कधी उठला नव्हता.

पुढचा पाऊण तास मी खांबाशेजारी उन्हात उभा होतो, कारण माझा ब्रेकर वर करायला कोणी तयार नव्हतं. "आधी कारण, मग पुरवठा," बाबा मराठीत म्हणाले आणि तात्याने मान डोलावली. मग बोटांनी ॲम्पियर मोजणं झालं. दुपारी सगळ्यांचे एसी एकदम चालले की इथला दाब १०८ पर्यंत घसरतो, आणि दाब घसरला की कॉम्प्रेसर जास्त करंट ओढून तापतो, यावर एकमत झालं. १०४ च्या खाली गेलं की आमच्या वायरला लावलेला संरक्षक डबा स्वतःच पुरवठा तोडतो आणि परत जोडायला दोन-अडीच मिनिटं घेतो. त्या डब्याचं दोघांनी माझ्या दोन्ही मुलांचं मिळून केलं नसेल इतकं कौतुक केलं. आत सासूबाईंची आमटी कोमट होत होती.

त्या रात्री बाबांनी पट्टी घेऊन वेळापत्रक आखलं. शीर्षक: 'भारनियमन'. सहा ते साडेसहा गिझर, एसी बंद. साडेसहा ते सात इंडक्शन, गिझर बंद. दुपारी बारा ते पाच एसी, बाकी सर्व निषिद्ध. मिक्सर 'पूर्वसूचनेनुसार'. हेअर ड्रायरपुढे नुसती फुली. बायको म्हणाली, "बाबा, हे लग्नाआधी संपलं असं वाटलं होतं मला." एक प्रत फ्रिजवर लागली. दुसरी तात्याच्या दारावर, देवनागरीत. त्याला एक अक्षर वाचता येत नाही, पण घड्याळाच्या चौकटी कळतात. सव्वासहाला आमच्या एसीचा आवाज आला तर तो भिंतीवर टकटक करतो.

रविवारी बाबांना ग्रँड कॅन्यन दाखवायला नेणार होतो. ते म्हणाले, दरी काय पळून जात नाही, पालो व्हर्डे बघू. फिनिक्सपासून पश्चिमेला तासाभरावर हे अणुवीज केंद्र आहे. तीन अणुभट्ट्या, जवळजवळ ४००० मेगावॉट, आणि थंड करायला शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी, कारण वाळवंटात नदी आणायची कुठून? अर्थात आम्हाला आत कोण सोडणार. रस्त्यावरूनच वाफ पाहिली. बाबा हात जोडायचेच बाकी होते. "आपली कोयना चारही टप्पे धरून १९६० मेगावॉट. म्हणजे या दोन कोयना झाल्या," ते म्हणाले. मी मनात म्हटलं, दोन कोयना इथे उशाशी आहेत, आणि मला पोळी गरम करायला एसी बंद करावा लागतो.

खरं सांगायचं तर राग याचाच आहे. ५० ॲम्पियरच्या जागेला १२० व्होल्टच्या दोन तारा येतात; ती घेतली असती तर १२००० वॉट मिळाले असते. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, तीसमध्ये आरामात होतं. महिन्याचं भाडं वेगळं, विजेचं मीटर वेगळं, म्हणजे जी वीज मला पुरतच नाही तिचंही बिल मी भरतो. आणि दिवसातून तीनदा बनियनवर बाहेर येऊन एका परक्या माणसाला सांगतो की आम्ही चहा आणि अंघोळ एकाच वेळी करायचा प्रयत्न केला.

तर आज सकाळी. ब्रेकर वर करताना तात्याच्या खांबाकडे लक्ष गेलं. खालच्या झाकणातून एक जाड नारिंगी वायर निघून त्याच्या खिडकीत गेली होती.

"ही कसली?"

"माझी कॉफी. बाहेरचा फ्रिज. पंखा." तो घोट घेत म्हणाला. "वीसचा सॉकेट आहे ना. ब्रेकर वेगळा. तुझ्याही खांबाला आहे."

होता. सात आठवडे होता. मला तो माळ्याच्या गवत कापायच्या यंत्रासाठी असावा असं वाटत होतं. २० ॲम्पियर, २४०० वॉट, आख्खं इंडक्शन.

"मला सांगितलं का नाही?"

"विचारलंस कुठे?"

मी आत आलो. "बाबा, तुम्हाला तो सॉकेट माहीत होता?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. "तुम्हाला माहीत असेल असं वाटलं, जावईबापू. आणि वेळापत्रक छान बसलं होतं."

संध्याकाळी तात्याने सांगितल्याप्रमाणे बारा गेजची वायर आणली, खिडकीतून आत घेतली, इंडक्शन लावलं. एसी चालू, गिझर चालू, पिठलं रटरटतंय. सासूबाई दर मिनिटाला छताकडे बघताहेत. बाबा टेबलावर पट्टी आणि नवा कागद घेऊन बसलेत.

"आता कशाला?" मी विचारलं.

"दोन फीडर झाले," ते म्हणाले. "आता नियोजन नीट लागेल. याची एक प्रत तात्यांना देऊन या."