आयरिश व्हिस्कीचे जाणकार व्हा, पाहुण्यांना उपाशी ठेवून

डब्लिनला येऊन काही वर्षं झाली, कर्ज काढून का होईना घर झालं, दारात विजेवरची गाडी आली, मागच्या अंगणात कढीपत्ता लावून झाला आणि पहिल्याच थंडीत तो मेलाही. आता पुढं काय, असा प्रश्न पडला असेल तर वेळ दवडू नका. आयरिश व्हिस्कीचे जाणकार व्हा. त्यासाठी व्हिस्की आवडायलाच हवी असं काही नाही. शनिवारी संध्याकाळी चार कुटुंबं घरी बोलावता आली की झालं. फोनवर "या की सगळे" एवढंच मोघम म्हणा, म्हणजे लोक जेवण आहे असं समजून येतील. टेस्टिंग आहे, हे त्यांना बूट काढताना सांगा.

परवाच अशा एका घरून परतलो असल्यामुळं हे मार्गदर्शन करण्याचा अधिकार मला प्राप्त झाला आहे.

सुरुवात ग्लासापासून. घरातले रोजचे ग्लास कपाटात दडवा आणि खाली फुगीर, वर निमुळता असा ग्लेनकेर्न मागवा. हा ग्लास स्कॉटलंडमध्ये तयार झाला आणि २००१ साली बाजारात आला. आयर्लंडनं आपला म्हणून वेगळा ग्लास नंतर काढलाही, पण त्याचं नाव काढू नका. "शेकडो वर्षांची आयरिश परंपरा" असं म्हणत स्कॉटिश ग्लास पाहुण्याच्या हातात द्या. त्यानं तो बुडाला न धरता पोटाला धरला, तर "अं हं" असा आवाज काढा. तोंडानं काही सांगायचं नाही. नुसतं "अं हं".

बाटल्या मांडताना किमतीची चिकटपट्टी काढू नका. पॉवर्स ठेवू नका. ती तुमच्या गल्लीतला प्लंबर पितो, आणि वर त्याला ती आवडते. यलो स्पॉट, रेडब्रेस्ट अशा 'सिंगल पॉट स्टिल'च ठेवा. म्हणजे काय, असं कुणी विचारलंच तर डोळे मिटून "ते फील करायचं असतं" म्हणा. उत्तर खरं तर एका वाक्यात देता येतं: मोड आणून वाळवलेली बार्ली आणि बिनमोडाची बार्ली, दोन्ही किमान ३०-३० टक्के घेऊन, एकाच डिस्टिलरीत तांब्याच्या भांड्यांतून गाळलेली. पण एका वाक्यात सांगितलं तर लोकांना समजेल.

बाटलीचं वय सारखं सांगत राहा. पाहुण्यांचं वय लक्षात ठेवायची गरज नाही.

इतिहास सांगताना १६०८ हा आकडा दणकून फेका. "बुशमिल्स, १६०८, जगातली सर्वात जुनी!" त्या साली राजा जेम्सनं अँट्रिममध्ये दारू गाळण्याचा परवाना दिला तो सर थॉमस फिलिप्स या माणसाला, आणि बुशमिल्स कंपनीची नोंद झाली १७८४ साली, ही मधली पावणेदोनशे वर्षं गिळून टाका. तिकडं किलबेगन डिस्टिलरीवाले १७५७ साल घेऊन बसलेले असतात, त्यांनाही गिळा. मग सांगा की जेमसन इथंच, आपल्या स्मिथफील्डजवळ बो स्ट्रीटला बनते. तिथली भट्टी १९७१ साली थंड झाली आणि १९७५ पासून सगळा माल कॉर्कजवळच्या मिडलटनला बनतो. बो स्ट्रीटला बनतं ते पर्यटकांचं तिकीट. आणि शेवटचा हुकमी एक्का: "आयरिश म्हणजे तीनदा गाळलेली, धुराचा वास कधीच नाही, आणि सकाळी डोकं दुखत नाही." कॉनेमारा ही आयरिश व्हिस्की दोनदाच गाळतात आणि तिला पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुराचा घमघमाट असतो. डोक्याचं म्हणाल तर ते व्हिस्कीच्या आधीच दुखू लागलेलं असतं, व्याख्यानानं.

माप. डब्लिनच्या कुठल्याही पबात ३५.५ मिलीलिटर हातात पडते. तुम्ही सत्यनारायणाचं तीर्थ द्या तेवढी द्या.

ब्लेंड, म्हणजे भांड्यात गाळलेल्या व्हिस्कीत सलग चालणाऱ्या भट्टीतला हलका माल मिसळलेली व्हिस्की, म्हटलं की नाक मुरडा. नाक मुरडण्याची डब्लिनला मात्र खरोखरच जुनी परंपरा आहे. एनियस कॉफी नावाच्या इथल्याच निवृत्त अबकारी अधिकाऱ्यानं १८३० साली सलग गाळणाऱ्या भट्टीचं पेटंट घेतलं, तेव्हा डब्लिनच्या बड्या डिस्टिलरांनी तिला हसण्यावारी नेलं. असल्या पाणचट मालाला व्हिस्की म्हणायचंच नाही, असा त्यांचा बाणा. स्कॉटलंडवाल्यांनी तीच भट्टी उचलली, ब्लेंड बनवले आणि जगभर विकले. पुढं आयर्लंडचं स्वातंत्र्ययुद्ध आलं, अमेरिकेत दारूबंदी आली, ब्रिटिशांशी व्यापारयुद्ध झालं, आणि १९७० च्या दशकात साऱ्या बेटावर दोन चालू डिस्टिलऱ्या उरल्या. आज चाळिसाच्या वर आहेत, त्या उभ्या राहिल्या मुख्यतः जेमसनच्या खपानं वाट करून दिल्यामुळं. आणि जेमसन काय आहे? ब्लेंड. पण तुम्ही मुरडा.

आता वास. हा खरा परीक्षेचा पेपर. प्रत्येकाच्या हातात इंग्रजीत छापलेलं एक रंगीत चक्र द्या: हिरवं सफरचंद, टॉफी, खोगिराचं चामडं, नुकतंच कापलेलं गवत. वास यायचा तो यातूनच. परवा एका वहिनींनी ग्लास नाकाशी नेला आणि पटकन म्हणाल्या, "अगदी खोबऱ्याच्या वडीसारखं येतंय." यजमान हसले. सगळ्यांकडं बघून हसले. "वहिनी, खोबरं कुठून येणार यात? लिस्टमध्ये बघा, व्हॅनिला आहे." कुठून येणार ते ऐका. अमेरिकेत बर्बन या तिथल्या व्हिस्कीसाठी कायद्यानं नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं. एकदा वापरलं की ते बर्बनच्या कामाचं नाही, म्हणून अशी पिंपं आयर्लंडला येतात आणि इथली बहुतेक व्हिस्की त्यांतच मुरते. अमेरिकन ओकमध्ये लॅक्टोन नावाची द्रव्यं असतात, आणि त्यांचा वास कशाचा? खोबऱ्याचा! त्या दिवाणखान्यात शाबूत नाक असलेली एक व्यक्ती होती, आणि तिला सगळ्यांदेखत गप्प बसवलं. त्यानंतर वहिनी काही बोलल्या नाहीत. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांतही मुरलेल्या रेडब्रेस्टला सुकं अंजीर येतं, मनुका येतात, मला तर चक्क काकवी येते. पॉट स्टिलच्या त्या तेलकट तिखटपणात मिरी, लवंग, जायफळ काय म्हणाल ते सापडतं. ज्यांच्या ओट्यावर मसाल्याचा डबा आहे त्यांनी खोगीर कशाला हुंगायचं? मी आयुष्यात घोड्यावर बसलो तो माथेरानला, आणि तेव्हाही खोगीर हुंगलं नव्हतं.

वहिनींना गप्प केल्यावर "लेडीजसाठी बेलीज आणलीय" असं त्या गोड, सायीच्या दारूबद्दल जाहीर करायला विसरू नका. बेलीजमध्येही आयरिश व्हिस्कीच असते आणि बुशमिल्सची मास्टर ब्लेंडर कितीतरी वर्षं हेलन मुलहॉलंड ही बाई होती, या गोष्टी चर्चेत येणार नाहीत एवढं पाहा.

गुण शंभरपैकी द्यायला लावा, अर्ध्या गुणासकट. फॉर्म फोनवर भरून घ्या.

आता पाणी. पाणी म्हणजे महापाप. बर्फ त्याहून मोठं पाप, आणि सोडा म्हणजे सातारा रस्त्यावरचा ढाबा. कुणी पाणी मागितलं तर तुम्ही काय कराल? आमच्या यजमानांनी केलं ते सांगतो. सांगलीहून आलेले एक काका होते, त्या घोळक्यातल्या एकाचे सासरे. एस.टी.त नोकरी झालेली, वय सत्तरीच्या पुढं, लेकीकडं पहिल्यांदाच आलेले. त्यांनी पहिला घोट घेतला, ठसका लागला, आणि समोरच्या बाटलीतलं थोडं पाणी ग्लासात ओतलं. यजमान तीन ढांगांत आले, काकांच्या हातातला ग्लास काढून घेतला, सिंकमध्ये ओतला आणि म्हणाले, "काका, असं नाही करायचं. ही साठ युरोची बाटली आहे." काका "बरं बरं" म्हणाले आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. जावयानं फोनमध्ये तोंड घातलं.

अहो जाणकार, पाणी घालायचं नाही हे तुम्हाला शिकवलं कुणी? ज्यांच्या नाकावर या कंपन्या चालतात ते ब्लेंडर वास घेताना व्हिस्की पाणी घालून वीस टक्क्यांच्या आसपास आणतात, कारण चाळीस टक्क्यांना अल्कोहोलच नाकात घुसतं. इथल्या पबात काउंटरवर पाण्याचा जग असतो, तो काय झाडांना घालायला? हा देश थंडीत व्हिस्कीत उकळतं पाणी, साखर, लिंबाची चकती आणि लवंगा घालून पितो. कॉफीत ओतून वर साय सोडतो. जिंजर एल घालतो. त्यांच्या हातातून कुणी ग्लास काढून घेत नाही. जून १८७५ मध्ये डब्लिनच्या लिबर्टीज भागात दारूच्या गोदामाला आग लागली आणि पेटती व्हिस्की रस्त्यांवरून वाहिली, तेव्हा लोकांनी ती टोप्यांत भरून प्यायली. तेरा जण गेले. जळून एकही नाही, सगळे त्या बिनपाण्याच्या व्हिस्कीनं.

जेवणाचं म्हणाल तर ते द्यायचं नाही. तोंडाची चव बिघडते. बिनमिठाची बिस्किटं ठेवा. साडेदहाला पोटात कावळे ओरडायला लागले की मुलांसाठी मागवलेल्या पिझ्झाच्या कडा फिरवा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत प्रत्येकाला फोनवर हिशोब पाठवा: बाटल्या भागिले माणसं, जीभ बुडवणारे आणि पिणारे एकाच भावानं. त्यात काकांचंही डोकं मोजा. त्यांची तर तुम्ही सिंकमध्ये ओतली होती.

आता उपरोध पुरे झाला. लाज वाटायला हवी होती तुम्हाला. कुणाला व्हिस्कीचं वेड लागलं तर त्यात वाईट काही नाही. मलाही ती आवडते, आणि समजून घेत प्यायला तर फारच आवडते. दोन बाटल्या शेजारी ठेवाव्यात, एक बर्बनच्या पिंपातली आणि एक शेरीच्या. घोट घ्यावा, पाण्याचे चार थेंब टाकून परत घ्यावा, काय बदललं ते एकमेकांना विचारावं. तासाभरात माणूस बरंच शिकतो आणि हसतोही. तुम्ही शिकवत नव्हता. तुम्हाला खोलीत एकच शहाणा हवा होता, आणि तो शहाणा रात्रभर चुकीचं बोलत होता. चुकीचं बोलण्याचंही काही नाही, सगळेच बोलतात. पण लेकीच्या संसारात पहिल्यांदा आलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातातून ग्लास काढून घ्यायचा? आपल्या घरात? आणि आम्ही सगळे तिथं बसलेलो असताना?

पुढच्या शनिवारी पुन्हा "या की सगळे" असा निरोप आलाय. आधी काकांना फोन करा. मग कुकर लावा, पाण्याचा जग टेबलावर ठेवा, ज्याला कोक घालायचाय त्याला घालू द्या. आणि तो हिशोब पाठवलाय ना, त्यातले माझ्या वाट्याचे पैसे मी देणार नाही. खुशाल ग्रुपवर टाका.