‘गरजेला मैत्री म्हणू नका’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि तळमळीनं लिहिलेली आहे, त्यामुळे ‘धन्यवाद, विचार करतो’ एवढ्यावर भागवावंसं वाटलं नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात दहावीतलं एक पोरगं आणि त्याच्या शेजारचे, ऐंशीच्या घरातले आप्पा यांच्या दोस्तीवर तो लेख होता. दोघं नात्यातले नाहीत, भावकीतले नाहीत. पोराचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात ते पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच परततात. घरी पोरगं आणि त्याची ऐकू न येणारी आजी. आप्पांना दोन लेकी, दोघी दिल्या घरी. तुमचं म्हणणं असं की ही मैत्री नव्हे, व्यवहार आहे. म्हाताऱ्याला मोबाइल चालवणारं कुणी हवं, पोराला आयती भाकरी हवी. साठ-पासष्ट वर्षांच्या अंतरात दोघांनी बोलायचं तरी काय? पोराला वसतिगृहात का ठेवलं नाही? आणि निराधाराच्या पगाराला परक्या पोराचा नंबर जोडला हे मी कौतुकानं लिहिलं, ते तर भलतंच.

नंबराचं आधी सांगतो, ते लवकर आटपतं. निराधाराचा पगार म्हणजे सरकारच्या श्रावणबाळ योजनेतली म्हातारपणाची पेन्शन. तिचे महिन्याचे 1500 रुपये आता आधारला जोडलेल्या खात्यात पडतात. आधारला नंबर लागतो आणि आप्पांकडे फोन नाही. गावात अशा म्हाताऱ्यांचे नंबर तपासून बघा. कुणाचा सेतूवाल्याचा, कुणाचा पुण्यातल्या भाच्याचा, कुणाचा केव्हाच बंद पडलेल्या सिमचा. त्या मानानं भिंतीपलीकडचं पोरगं बरं. शिवाय बँक मित्राकडून पैसे काढायचे तर बोट आप्पांचंच लागतं, आणि रड तिथंच आहे. जन्मभर कोयता धरून बोटांच्या रेषा झिजल्यात, मशीन ओळखत नाही. पोरगं त्यांना अंगठा केसांवरून फिरवून पुन्हा टेकवायला लावतं, मग कधी जमतं, कधी उद्या या. पासबुक आप्पांच्या ट्रंकेत असतं आणि किल्ली करदोट्याला. तुम्ही निश्चिंत असा.

वसतिगृहाचा प्रश्न रास्त आहे, पण तो आम्हाला विचारून उपयोग नाही. शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा चौदाव्या वर्षापर्यंत जातो, आणि स्थलांतरितांच्या लेकरांची हंगामी वसतिगृहं साधारण त्याच वयापुरती. दहावीची परीक्षा मात्र फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे गाळप जोरात असताना. सोबत फडावर नेलं तर शाळा बुडते, मागं ठेवलं तर घर रिकामं. सरकारनं तालुक्याच्या ठिकाणी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहं काढलीत, संत भगवानबाबांच्या नावाची. चांगलीच गोष्ट आहे. पण हे पोरगं तिथं गेलं तर त्या बहिऱ्या आजीकडं कोण बघणार? मी दैन्याला साखर लावली असं तुम्ही लिहिलंय. अहो, आमच्या वस्तीवर नोव्हेंबरात फिरून बघा. विशी ते पन्नाशीचं माणूस औषधाला सापडत नाही. उरतात म्हातारी आणि लेकरं. अशा गावात ती एकमेकांशी नाही बोलणार तर कुणाशी?

आता व्यवहार. आहे ना, मी कुठं नाही म्हणतो? फक्त आयत्या भाकरीचं तेवढं खरं नाही. आप्पा भाकरी करून देत नाहीत, करायला लावतात आणि बाजूला बसून चुका काढतात. बायको गेल्यापासून ते स्वतःचं स्वतः करून खातात, त्यामुळे हाताला वळण आहे. मी एकदा बसलो होतो तेव्हा पोराची भाकरी थापतानाच कडेनं चिरत होती. आप्पांनी पिठाची चिमूट बोटांत चोळून पाहिली. ‘विरी (चिकटपणा) गेलीया याची. उकळतं पाणी घे आन् रगड चांगलं.’ पोरानं रगडलं. मग तव्यावर टाकली आणि पाणी लावायला इतका वेळ घेतला की वरचं पीठ सुकलं. ती काही फुगली नाही. ‘ही तुझ्या म्हशीला घाल,’ आप्पा म्हणाले. म्हैस नाहीच त्यांच्याकडं. ती भाकरी आप्पांनीच खाल्ली, तेलचटणीबरोबर, शेवटपर्यंत नावं ठेवत.

बोलायचं काय, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. आप्पांनी 72 च्या दुष्काळात खडी फोडली, सुकडी खाल्ली, आणि पुढं बैलगाडी जुंपून पश्चिम महाराष्ट्राचा रस्ता धरला तो गुडघे गेले तेव्हा सोडला. पोराचा बाप फोनवर ‘बरंय, तू अभ्यास कर’ याच्यापुढं बोलत नाही. आई बोलते, पण ती याचीच चौकशी करते. मग पोरगं आप्पांना विचारतं, आत्ता काय करायले असतेल? आप्पा उन्हाकडं बघून सांगतात. या टायमाला मोळ्या बांधायच्या. आता वाढं (उसाचे हिरवे शेंडे) वेगळं काढलं असल, त्याचे सुटे पैसे होतेत, ते तुझी माय कनवटीला लावती. रातच्याला गाडी आली की भरायची, मग ती कवाबी येऊ. खाडा पडला की मुकादम उचलीतून (आगाऊ दिलेल्या पैशांतून) कापतो, म्हणून ताप असला तरी तुझा बाप सांगायचा नाही, तू इचारीत जा. पोरगं लहानपणी फडावर राहिलेलं आहे, कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत झोपलेलं आहे, त्याला यातलं थोडं ठाऊक असतंच. पण बाप ताप का लपवतो हे त्याला आप्पांकडून कळलं.

आणि नुसताच व्यवहार असता तर 2024 मधलं सोयाबीनचं प्रकरण घडलं नसतं. आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशनचं नाव काढू देत नाहीत. हॉटेलातला कालचा पेपर पोरगं वाचून दाखवतं. एकदा कंटाळून त्यानं मनानंच बातमी घातली, सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर. तेव्हा हमीभाव 4892 होता आणि बाजारात तेवढाही मिळत नव्हता. आप्पा काठी टेकत पारावर गेले आणि सगळ्यांना सांगून आले. पुढं काय झालं असेल ते तुम्हीच समजा. आल्यावर आप्पा एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खालच्या आळीतल्या सातवीतल्या पोराकडून पेपर वाचून घ्यायला सुरुवात केली, तेही याच्याच ओट्यासमोर बसून, मोठ्यानं. हा आत गणितं करायचा सोडून ऐकतोय, आणि ते पोरगं ‘मंत्रिमंडळ’ अडखळत वाचतंय. पेपरच वाचून घ्यायचा होता तर सातवीतलं पोरगं काय वाईट होतं? आणि याला तरी आपलं काम वाचल्याचा आनंद व्हायला हवा होता. हा मात्र माझ्याकडं येऊन तक्रार करून गेला की आप्पांनी ‘दुसरा धरला’. आधी कोण बोललं यावर अजून दोघांचं एकमत नाही.

शेवटी तुम्ही आप्पांसाठी एक जुना स्मार्टफोन पाठवायची तयारी दाखवली आहे, म्हणजे पोरावर अवलंबून राहायला नको. मी त्यांना विचारलं. म्हणाले, ‘मंग ते पोरगं कशाला येतंय माझ्याकडं?’ तेव्हा फोन राहू द्या. पाठवायचंच असेल तर दहावीच्या गणित भाग 2 चे जुने प्रश्नसंच पाठवा, भूमितीत त्याची दांडी उडते आणि तिथं आप्पांचा काही उपयोग नाही. पत्ता मेलवर कळवतो.