ओव्हनमध्ये प्रोटीन मरत नाही

गेल्या सोमवारी सकाळी बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बशीतला डोनट तसाच ठेवला आणि नुसता चहा घेतला. विचारलं तर म्हणाले, "अगं, यातलं प्रोटीन भट्टीत मरतं म्हणे. मग खायचं कशाला?" उपवनला सकाळी फिरायला जाणाऱ्या त्यांच्या मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता. दुपारी तोच मेसेज आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, संध्याकाळी मुलाच्या वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवरही.

मेसेज थोडक्यात असा. घरी भाजलेले हाय-प्रोटीन डोनट ही फसवणूक आहे. एक, १८० अंशांच्या ओव्हनमध्ये प्रोटीन मरतं, उरतो नुसता मैदा. दोन, डोनट तो डोनटच, तळा नाहीतर भाजा. तीन, प्रोटीन पावडरने किडनी जाते. चार, आपल्या पोह्या-उपम्यात हवं तेवढं प्रोटीन असतं. पाच, अंडी न खाणाऱ्यांना हे जमणारच नाही.

बाबा ७४ वर्षांचे आहेत. गेल्या पावसाळ्यात घसरून पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर वजन सहा किलोने उतरलं. कवळीमुळे चणे, मटकी नीट चावता येत नाहीत. आहारतज्ज्ञ बाईंनी प्रोटीन वाढवायला सांगितलं, तेव्हा मऊ आणि आवडीने खाल्लं जाईल असं काय देता येईल, याचा विचार करून मी हे डोनट सुरू केले. ते खाऊ लागले होते. एका मेसेजने ते थांबलं, म्हणून हे लिहिते आहे.

पहिला मुद्दा सगळ्यात जास्त पसरलाय आणि सगळ्यात चुकीचा तोच आहे. प्रोटीन ही जिवंत वस्तू नाही, त्यामुळे ते मरत नाही. अमिनो आम्लं म्हणजे प्रोटीनचे छोटे मणी, त्यांची लांब माळ गुंडाळून तिचा लोकरीसारखा गुंडा झालेला असतो. उष्णता लागली की गुंडा उलगडतो, माळ मात्र तुटत नाही. अंडं उकडल्यावर पांढरा बलक घट्ट होतो, तो याच उलगडण्यामुळे. आपलं पोट तरी दुसरं काय करतं? आम्लाने हाच गुंडा आधी सोडवतं आणि मग माळेचे तुकडे करतं. शिजवताना ते काम थोडं आधीच होऊन जातं. १९९८ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी हे मोजलं होतं. शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रोटीन पचलं, कच्च्या अंड्यातलं फक्त ५१ टक्के. डाळींच्या पिठाचं तर याहून पुढे. कच्च्या हरभऱ्यात प्रोटीन पचवणाऱ्या एन्झाइमला अडवणारे घटक असतात आणि ते उष्णतेनेच निकामी होतात. म्हणजे बेसन भाजल्या-शिजवल्याने प्रोटीन कमी होत नाही, उलट ते अंगी जास्त लागतं.

आणि १८० अंश हे ओव्हनमधल्या हवेचं तापमान. पिठात पाणी आहे तोवर डोनटच्या आतला भाग शंभरीच्या वर फारसा जात नाही. माझ्याकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर आहे. डोनट तयार होतो तेव्हा त्याच्या मध्यभागी ९६ दिसतात. आपल्या घरातला प्रेशर कुकर १२० अंशांच्या आसपास जातो. त्यात शिजलेल्या वरणातलं प्रोटीन मेलं, असं आजवर कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

यात एक बारीकसं सत्य आहे, ते लपवणार नाही. वरची साल खरपूस होते तेव्हा साखरेशी संयोग होऊन लायसिन नावाच्या अमिनो आम्लाचा थोडा भाग वाया जातो. ते नुकसान मुख्यतः सालीपुरतं असतं. त्यासाठीच मी १७० अंशांवर १२ ते १४ मिनिटं ठेवते आणि रंग बदामी झाला की बाहेर काढते.

"उरतो नुसता मैदा" यावर माझ्या सहा डोनटचं मापच देते. त्यात मैदा नाही. घरच्या दह्याचा टांगलेला चक्का १०० ग्रॅम, त्यातून प्रोटीन साधारण ८ ग्रॅम. दोन अंडी, १२ ग्रॅम. मंद आचेवर परतून घेतलेलं बेसन ५० ग्रॅम, त्याचं १०. कणीक ४० ग्रॅम, साडेचार-पाच. व्हे प्रोटीनचा, म्हणजे दुधापासून काढलेल्या प्रोटीन पावडरचा, ३० ग्रॅमचा एक स्कूप, २३ च्या आसपास. वर ४० ग्रॅम गुळाची पावडर, एक मोठा चमचा तेल, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, वेलची-जायफळ आणि पीठ सैल होईल इतकंच दूध. एकूण साठच्या जरा आत, म्हणजे एका डोनटला दहाच्या आसपास. पावडर नको असेल तर बेसन ८० ग्रॅम करा, मग एका डोनटमध्ये सात ग्रॅम उरतं. "एका डोनटमध्ये २५ ग्रॅम" असं सांगणारे व्हिडिओ फिरतात, त्यांवरही विश्वास ठेवू नका. तेवढं एका डोनटमध्ये कोंबायला पावडर इतकी घालावी लागते की डोनट रबरासारखा चिवट आणि कोरडा होतो. पहिल्या दोन खेपांना माझे तसेच झाले होते आणि बाबांना ते कवळीने चावताच आले नव्हते.

दुसरा मुद्दा लवकर संपतो. बेकरीतला डोनट मैद्याचा, यीस्टने फुगवलेला आणि तेलात तळलेला असतो. त्याच्या शंभर ग्रॅममध्ये वीसएक ग्रॅम चरबी असते, प्रोटीन सहाच्या आसपास, वर साखरेचा लेप. माझ्या डोनटमध्ये आणि त्याच्यात फक्त भोक सारखं आहे. ते भोकही मेदूवड्याला असतं त्याच कारणाने असतं, मधला भाग कच्चा राहू नये म्हणून. पण भाजलेल्या डोनटवर चॉकलेटचा जाड थर ओतलात तर तो नाश्ता उरत नाही, मिठाई होते. तेवढं मेसेजवाल्याचं मान्य.

किडनीबद्दल मात्र सावकाश बोलायला हवं, कारण ही भीती खोटी नाही, चुकीच्या जागी नेऊन ठेवली आहे. ज्यांच्या किडनीचं काम आधीच मंदावलंय, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) वाढलंय, त्यांनी प्रोटीन किती घ्यायचं हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. तिथे माझा डोनट काय, वाटीभर डाळही विचारून खायची. निरोगी किडनी बेताच्या प्रोटीनने बिघडते, असा पुरावा नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांमध्ये शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर घेऊ नका असं सांगितलं आहे, आणि जिममध्ये दिवसाला तीन-तीन स्कूप घेणाऱ्या मुलांच्या आयांनी ते जरूर वाचावं. इथे एक स्कूप सहा डोनटमध्ये वाटला जातो, एकाच्या वाट्याला पाच ग्रॅम पावडर. बाबांचे रक्ताचे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवूनच मी सुरुवात केली. डबा घेताना एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक आणि साखर किती आहे हे बघावं. विश्वास वाटत नसेल तर पावडर सोडून द्या, वर सांगितल्याप्रमाणे बेसन वाढवा.

आता पोहे. पोह्यांवर माझा राग नाही, आमच्याकडे आठवड्यातून दोनदा होतात. पण हिशोब करून बघा. एका बशीला ६० ग्रॅम कोरडे पोहे धरले तर प्रोटीन चार ग्रॅम. १५ ग्रॅम शेंगदाणे घातले तर आणखी चार. ५० ग्रॅम रव्याच्या उपम्यात पाच-साडेपाच. राष्ट्रीय पोषण संस्थेनेच २०२० साली प्रौढ माणसासाठी शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलं आहे. बाबा ५८ किलोचे, म्हणजे किमान ४८ ग्रॅम. वयस्कर माणसांना किलोमागे एक ते १.२ ग्रॅम हवं, असं आता बरेच तज्ज्ञ म्हणतात. सकाळी चार ग्रॅमवर उठलेला माणूस दोन जेवणांत उरलेलं भरून काढेल कसा, तेही कवळीने?

मुगाचं धिरडं डोनटपेक्षा सरस आहे, हेही सांगून टाकते. ५० ग्रॅम मुगात १२ ग्रॅम प्रोटीन, साखर नाही, ओव्हन नाही. ज्याला रोज सकाळी धिरडी घालायला वेळ आहे त्याने तीच घालावीत. आमच्याकडे मुलाची बस ६.४० ला येते आणि मी ७ च्या आत स्टेशनच्या वाटेला लागलेली असते. रविवारी बारा डोनट करून फ्रीजमध्ये ठेवले की बुधवारपर्यंत बाबा स्वतः एक काढून तव्यावर गरम करून घेतात, कोणाची वाट न बघता. पडल्यापासून स्वतःच्या हाताने नाश्ता करायची त्यांची ही पहिलीच खेप आहे.

राहिला अंड्यांचा मुद्दा. आमच्या मजल्यावर तीन घरं शाकाहारी आहेत, त्यांच्यासाठी मी असं करते. दोन अंड्यांऐवजी ६५ ग्रॅम मऊ पनीर, चार चमचे दुधात मिक्सरमधून अगदी गुळगुळीत वाटून घ्यायचं. प्रोटीन तेवढंच, १२ ग्रॅम. डोनट थोडा कमी फुगतो, म्हणून पाव चमचा खाण्याचा सोडा चक्क्यात फेटून लगेच साच्यात ओतायचं. पीठ ठेवून दिलं तर बसतं.