'तिकडं बंद, इकडं चालू': एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच मजकूर तीनदा येऊन पडला. सार असं: परदेशात बंदी असलेलं सगळं भारतात खुशाल विकलं जातं; तिकडचा ग्राहक विज्ञान बघून खातो; आपल्याला कशाची भीतीच नाही; तेव्हा आजपासून बाहेरचं खाणं बंद. खाली हात जोडलेले. पाठवणारे काका भले आहेत, पण मजकूर तपासल्याशिवाय राहवेना.

'परदेशात बंदी.' कोणत्या परदेशात, राजेहो? 2024 च्या एप्रिलमध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाले बाजारातून काढायला लावले. कारण होतं इथिलीन ऑक्साइड. मसाल्यातले जंतू मारायला हा वायू वापरतात. युरोपात खाद्यपदार्थांवर त्याला मनाई आहे. अमेरिकेत मात्र मसाल्यांना तो चालतो, ठरलेल्या मर्यादेत त्याचा अंश राहिला तरी चालतो. एकाला जंतूंची धास्ती जास्त, दुसऱ्याला रसायनाची. पावात घालायचं पोटॅशियम ब्रोमेट तर आपण 2016 मध्ये बंद केलं, अमेरिकेत ते त्यानंतरही चालूच राहिलं. कच्च्या दुधाचं ताजं चीज फ्रेंच माणूस आवडीने खातो. अमेरिकेत असं चीज 60 दिवस मुरवल्याशिवाय विकता येत नाही. आणि जपानी माणूस गरम भातावर कच्चं अंडं फोडून जेवतो.

'तिकडचा ग्राहक विज्ञान बघून खातो.' 2011 मध्ये जर्मनीत ई-कोलाय जंतूची साथ आली. हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी आधी स्पेनच्या काकडीवर बोट ठेवलं. लोकांनी काकडी टाकली, टोमॅटोही टाकले, स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल सडला. पुढे माग लागला तो मोडांचा, आणि संशय जाऊन थांबला इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांवर. तोवर पन्नासच्या आसपास माणसं गेली होती. (मेथीचे मोड! आपल्याकडे त्यांची बहुधा उसळ होते, तिकडे ते कच्चेच खाल्ले गेले.) 2019 च्या युरोपीय पाहणीत लोकांनी अन्नाबद्दलच्या काळज्यांत सर्वांत वर काय ठेवलं? मांसातले प्रतिजैविकांचे आणि हार्मोन्सचे अंश, त्याखालोखाल कीटकनाशकं. जागतिक आरोग्य संघटनेचा 2015 चा अंदाज मात्र सांगतो की वर्षाला 60 कोटी लोक दूषित अन्नाने आजारी पडतात, आणि त्यातला मोठा वाटा जंतूंच्या हगवणीचा आहे. पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्येच लिहून ठेवलंय की जो धोका दिसत नाही, ओळखीचा नाही आणि दुसऱ्याने आपल्यावर लादलेला वाटतो, तो माणसाला मोठा वाटतो. घरच्या ओट्यावरचं ओलं फडकं कुणाला भयंकर वाटत नाही. बर्लिनमध्ये नाही, आमच्या नागपूरच्या महालातही नाही.

'आपल्याला कशाची भीतीच नाही.' हे वाचून मला आजी आठवली. ती भंडाऱ्याकडची. लाखोळीची डाळ गरम पाण्यात भिजवायची, ते पाणी फेकायची, मगच शिजवायची. का, विचारलं की म्हणायची, "पाय जातात." लाखोळीत ओडीएपी नावाचं विष असतं. दुष्काळात महिनोन्‌महिने दुसरं काही न मिळता तीच खाल्ली, तर पाय कायमचे लुळे पडतात. पाण्यात ते बरंचसं उतरतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला हे माहीत होतं. सरकारने 1961 मध्ये विक्रीवर बंदी आणली, तरी धानाच्या बांधीत लाखोळी पिकतच राहिली, आणि तूरडाळीत, बेसनात तिची भेसळही. नंतर कमी विषाच्या जाती निघाल्या, बंदी हवी की नको यावर नागपुरात वर्षानुवर्षं वाद चालले.

आता हीच डाळ स्पेनमध्ये बघा. यादवीनंतरच्या उपासमारीत तिथेही माणसं लुळी पडली. 1967 मध्ये तिथेही बंदी आली. तरी ला मांचातल्या घरांत तिच्या पिठाचं पिठल्यासारखं गाचास शिजतच राहिलं. आणि इटलीत? तिथे ती 'चिचेर्किया' म्हणून आजोबांच्या काळचं धान्य या थाटात विकतात. दाणा एकच. कोणाला उपासमार आठवते, कोणाला आजोळ. आमच्या आजीच्या घरात दोन्ही होतं, म्हणून ती डाळही खायची आणि पाणीही फेकायची.

राहिलं 'बाहेरचं बंद'. कस्तुरचंद पार्काजवळ सकाळी तर्री-पोहे खाताना मी तर्रीकडे बघत नाही. ती तासभर रटरटतेय. मी बघतो वर पडणाऱ्या चिरलेल्या कांद्याकडे, आणि प्लेटा बुचकळायच्या बादलीकडे. पाणी गढूळ दिसलं तर पुढच्या ठेल्यावर जातो. काकांनाही परवा तिथेच पाहिलं. जास्त तर्री मागत होते.